मधुमेहाचा मनस्ताप: दुखतंय नेमकं कुठे?

सकाळी उठल्या उठल्या बोटाला टोचलं, थेंब स्ट्रिपला लावला आणि पाच सेकंदांनी मीटरवर २१२ आलं. आदल्या रात्री जेवण मोजून झालं होतं, गोळी वेळेवर घेतली होती, झोपण्यापूर्वी चालणंही झालं होतं. तरीही २१२. त्यानंतरच्या क्षणात मनात जे उमटतं ते साधारण असं असतं: 'माझंच काहीतरी चुकलं.' मग चिडचिड, मग 'एवढं करून उपयोग काय', आणि दोन-चार आठवडे असंच चाललं की मीटर कपाटाच्या मागच्या खणात जातं. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख उलटून जाते. बाहेरून पाहणारा म्हणतो, 'हे स्वतःकडे लक्षच देत नाहीत.' खरं तर त्या माणसाने इतके दिवस इतकं लक्ष दिलेलं असतं की आता त्या आकड्याकडे बघायची ताकद उरलेली नसते.

याला वैद्यकीय भाषेत 'डायबिटीस डिस्ट्रेस' म्हणतात. मराठीत मनस्ताप हा शब्द त्याला चपखल बसतो. मधुमेहासोबत रोजच्या रोज जगताना येणारा कंटाळा, धास्ती, अपराधीपणा, वैताग आणि एकटेपणा, हे सगळं त्यात आलं. १९९५ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या जोसलिन डायबिटीस सेंटरमध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मोजण्यासाठी पहिली प्रश्नावली तयार केली. २०१७ साली ५५ अभ्यास एकत्र करून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात टाइप २ मधुमेह (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि ते हळूहळू अपुरंही पडतं, तो नेहमी आढळणारा प्रकार) असलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांमध्ये हा त्रास दखल घेण्याइतका आढळला, म्हणजे तिघांत एकाहून थोडा जास्तच. वेटिंग रूममध्ये पंधरा जण बसले असतील तर त्यातल्या पाच जणांच्या मनावर हे ओझं असण्याची शक्यता आहे, आणि आत गेल्यावर त्यांना विचारलं जातं ते फक्त जेवण, व्यायाम आणि गोळ्यांबद्दल.

मनस्ताप म्हणजे दुबळेपणा नव्हे, आणि बहुतेक वेळा तो मानसिक आजारही नसतो. हे काम सुटीविना, पगाराविना, आयुष्यभर चालतं. मनापासून मेहनत केली तरी निकाल हाताबाहेरच्या गोष्टींवर अवलंबून असतो. अशा कामाने माणूस थकला नाही तरच नवल. पण 'थकलोय' एवढ्यावर थांबलं तर उपाय सापडत नाही. नेमकं कुठे दुखतंय ते शोधावं लागतं, कारण प्रत्येक दुखण्याचं औषध वेगळं आहे.

नैराश्य आणि मनस्ताप यांतला फरक

या दोन्हींची गल्लत डॉक्टरांकडूनही होते. स्वतःला विचारायचा एक साधा प्रश्न आहे: उद्या सकाळी मधुमेह पूर्ण नाहीसा झाला, तर कसं वाटेल? 'सुटलो एकदाचा' असं आतून वाटलं, तर दुखणं बहुतांशी मधुमेहाभोवतीचं आहे. 'तरीही कशातच राम वाटणार नाही' असं उत्तर आलं, तर नैराश्याची तपासणी करून घ्यायला हवी. नैराश्यात उदासी किंवा कशातही रस न वाटणं हे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकतं आणि ते आयुष्याच्या सगळ्याच कोपऱ्यांत पसरतं. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आहे. त्यामुळे दोन्ही एकत्र असूही शकतात, आणि तेव्हा दोन्हींवर उपचार लागतात.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी. इथे एक गफलत होते. या यादीत थकवा, झोप आणि भूक यांबद्दलचे प्रश्न आहेत, आणि शुगर सतत चढी असली तरी हेच होतं. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्याची झोप बिघडणारच. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल तर शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्यानेही थकवा आणि मरगळ येते. थायरॉइडचं काम मंदावलं असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तरी माणूस दिवसभर गळून गेल्यासारखा असतो. म्हणून 'मन लागत नाही' म्हणून आलेल्या माणसाला बी-१२ आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्या सांगणं आणि घोरण्याबद्दल विचारणं, हे मनाबद्दल विचारण्याइतकंच गरजेचं आहे.

निव्वळ मनस्तापावर नैराश्याच्या गोळ्या हा उपाय नाही. गोळीने रात्रीची धास्ती कमी होत नाही, घरच्यांची टोकाटोकी थांबत नाही, आणि चुकीचा डोस बरोबर होत नाही.

मोजायचं कसं

सुरुवात दोन प्रश्नांनी होते. गेल्या महिन्याभरात मधुमेहासाठी जे जे करावं लागतं त्याचं ओझं किती जड वाटलं? आणि ठरवलेला दिनक्रम पाळण्यात आपण वारंवार कमी पडतोय ही भावना किती त्रासदायक ठरली? प्रत्येकाला १ ते ६ गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात त्रास नाही, ६ म्हणजे फारच. दोन्हींची सरासरी ३ किंवा त्याहून जास्त आली, तर सविस्तर प्रश्नावली भरायची.

सविस्तर प्रश्नावली १७ प्रश्नांची आहे आणि ती चार गटांत विभागलेली आहे: मनावरचं ओझं (५ प्रश्न), डॉक्टरांबद्दलचा त्रास (४), दिनक्रमाचा त्रास (५) आणि जवळच्या माणसांकडून होणारा त्रास (३). सरासरी २ पेक्षा कमी म्हणजे त्रास नाही किंवा नगण्य, २ ते २.९ मध्यम, ३ आणि पुढे जास्त. वीस प्रश्नांची जुनी जोसलिनची प्रश्नावलीही वापरात आहे. तिथे प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं, आणि ४० किंवा त्याहून जास्त आले तर त्रास गंभीर समजायचा.

पण एकूण गुणांवर थांबू नका. समजा एका व्यक्तीचे गुण असे आले: मनावरचं ओझं ९, डॉक्टर ४, दिनक्रम १०, जवळची माणसं १३. एकूण ३६, सतरांनी भागलं की २.१. कागदावर 'मध्यम त्रास'. आता गट वेगळे करून बघा. पहिल्या गटाची सरासरी १.८, दुसऱ्याची १, तिसऱ्याची २, आणि चौथ्याची १३ भागिले ३ म्हणजे ४.३. या माणसाला डॉक्टरांची अडचण नाही, गोळ्यांचीही नाही. त्याला घरचे खात आहेत. त्याला नवा डाएट चार्ट देऊन काय होणार? उलट घरच्यांच्या हाती टोकायला आणखी एक कागद जाईल.

टाइप १ (यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या प्रौढांसाठी २८ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, कारण त्यांची दुखणी वेगळी. शुगर एकदम उतरण्याची भीती, चारचौघांत इंजेक्शन घेण्याचा संकोच, खाण्याबद्दलची सततची टोचणी आणि काहीही केलं तरी हाती काही लागत नाही ही हतबलता, यांना तिथे स्वतंत्र जागा आहे.

वर्षातून निदान एकदा हे विचारलं जावं, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. शिवाय काही वळणांवर मुद्दाम विचारायला हवं: निदान झाल्यावर, पहिल्यांदा इन्सुलिन सुरू होताना, डोळे, मूत्रपिंड किंवा पायांच्या तक्रारीची पहिली चाहूल लागल्यावर, गरोदरपणात, आणि किशोरवयात मूल स्वतःची जबाबदारी घेऊ लागतं तेव्हा. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी ही टक्क्यांत येणारी रक्ततपासणी) उत्तम आहे म्हणून हे टाळू नये. ६.५ टक्के सरासरी असलेला माणूस ती टिकवण्यासाठी दिवसातून पंधरा वेळा बोट टोचत असेल आणि रात्र रात्र जागत असेल, हे रिपोर्टवर दिसत नाही.

आकड्याचा न्यायनिवाडा

सर्वांत जास्त मनस्ताप आकडा देतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, मीटर तंतोतंत आकडा दाखवत नाही. घरगुती ग्लुकोमीटरसाठीचा जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यानुसार १०० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वरच्या वाचनात १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, आणि तेही १०० पैकी ९५ वाचनांत. म्हणजे मीटरवर १८० दिसलं तर खरा आकडा साधारण १५५ ते २१० मध्ये कुठेही असू शकतो. लागोपाठ दोन वेळा मोजून १७० आणि १९० आलं तर काही बिघडलेलं नाही. बोटाला गोड काही लागलं असेल तर मात्र वाचन भलतंच चढं येतं. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचायचं. आणि टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नाही. मधल्या भागात संवेदना जास्त असते, म्हणून जास्त दुखतं.

दुसरी गोष्ट, शुगर फक्त खाण्याने हलत नाही. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक सोडतं. यकृत साखर बाहेर काढतं आणि उपाशीपोटीसुद्धा आकडा चढतो. सुरुवातीच्या २१२ चं कारण बहुधा हेच आहे. अपुरी झोप, सर्दी-ताप, पाळीचे दिवस, दुखणं, स्टेरॉइडचं औषध, इन्सुलिन एकाच जागी टोचून टोचून तिथे आलेली गाठ, उन्हात राहून खराब झालेलं इन्सुलिन, या सगळ्यांनी आकडा बदलतो. आणि ताणानेही. धास्ती वाटली की अॅड्रिनलिन यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं, आणि ताण लांबला की कॉर्टिसोलमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. आकडा चढला म्हणून ताण, आणि ताण आला म्हणून आकडा चढलेला, असं ते चक्र फिरत राहतं. सगळ्यांच्या शरीरात ताणाचा परिणाम सारखा होत नाही. स्वतःचं बघायचं असेल तर एकाच प्रकारच्या जेवणानंतर दोन तासांनी, एकदा निवांत दिवशी आणि एकदा धावपळीच्या दिवशी मोजून बघा. तीन-चार जोड्या झाल्या की अंदाज येतो.

तिसरी गोष्ट भाषेची. 'चांगली शुगर, वाईट शुगर', 'कंट्रोल सुटला', 'पथ्य मोडलं', 'पास-नापास' हे सगळे शब्द मुळात शाळेतले. आकडा म्हणजे दिशा दाखवणारा बाण. २१२ ला 'वाईट' न म्हणता 'जास्त' म्हटलं की पुढचा प्रश्न 'का' हा येतो, आणि 'का' ला उत्तर शोधता येतं. 'वाईट' ला उत्तर नसतं, फक्त शिक्षा असते. हा शब्दांचा खेळ वाटेल. पण शिक्षेची सवय लागलेला माणूस काय करतो ते नोंदवहीत दिसतं. पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या, सगळे आकडे शून्यावर किंवा पाचावर संपणारे, ११०, १२५, १३०. डॉक्टरांचा ओरडा चुकवण्यासाठी रचलेले. त्यावरून डोस ठरला की नुकसान होतं, कारण नोंद चांगली आणि तीन महिन्यांची सरासरी ९ टक्के आली तर डॉक्टरांना मेळ लागत नाही आणि डोस अंदाजाने हलवला जातो. म्हणून डॉक्टरांनी खरा, चढा आकडा लिहून आणणाऱ्याला सगळ्यात आधी 'बरं झालं, खरं लिहिलंत' असं म्हणायला हवं.

सतत मोजणारा सेन्सर लावलेल्यांचा त्रास आणखी वेगळा. दर पाच मिनिटांनी एक वाचन, म्हणजे दिवसाला २८८ आकडे, आणि प्रत्येकासोबत एक छोटा निवाडा. वरचा अलार्म १८० वर ठेवला तर जवळजवळ प्रत्येक जेवणानंतर तो वाजतो. माणूस आधी चिडतो, मग सगळेच अलार्म बंद करतो आणि रात्रीचा धोक्याचा अलार्मही त्यात जातो. त्यापेक्षा सुरुवातीला वरचा अलार्म २५० वर न्यावा, खालचा ७० वर कायम ठेवावा, आणि सवय झाली की वरचा हळूहळू उतरवावा. स्क्रीन कधी बघायची त्याच्या वेळा ठरवाव्यात: जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, आणि गाडी चालवण्याआधी. अनेक प्रौढांसाठी ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्के वेळ हे लक्ष्य असतं. म्हणजे उरलेल्या ३० टक्क्यांत, दिवसाचे सुमारे सात तास, आकडा बाहेर असला तरी लक्ष्य गाठलेलं असतं. बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्या बाहेरच्या वेळेतला ७० च्या खालचा भाग मात्र ४ टक्क्यांहून कमी हवा.

रागाच्या भरात घेतलेलं इन्सुलिन हाही मनस्तापाचाच एक चेहरा आहे. आकडा ३०० दिसतो, माणूस डोस घेतो, अर्ध्या तासाने अजून २९० दिसतं, चिडून पुन्हा घेतो. जलद काम करणाऱ्या इन्सुलिनचा जोर साधारण एक ते दीड तासाने येतो आणि परिणाम तीन ते पाच तास राहतो. शिवाय सेन्सर रक्तातल्या बदलाच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. दोन्ही डोस एकमेकांवर चढतात आणि तीन तासांनी शुगर ५० वर येते. उपाय: डोस घेतला की घड्याळात वेळ लिहायची, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं अंतर होईपर्यंत दुसरा डोस घ्यायचा नाही. चढलेली शुगर खूप वेळ हलत नसेल, उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, तर किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायचे आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

शुगर उतरण्याची धास्ती

रात्री एकदा शुगर ४० वर गेली, घामाने अंथरूण भिजलं, तोंडातून शब्द फुटेना. असं झालेला माणूस पुढे कित्येक महिने मुद्दाम २२० वर झोपतो. डॉक्टरांना वाटतं, सांगितलेलं ऐकत नाही. तो मात्र जीव वाचवत असतो, आणि ते त्याने बोलून दाखवलं नाही तर कुणाला कळत नाही.

इथे धीर देण्यापेक्षा पक्की योजना कामाची. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम झटपट लागू पडणारी साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर किंवा साखरेचं पाणी. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. घाबरून हाताला लागेल ते खात सुटलं की तासाभराने ३०० दिसतं आणि अपराधीपणाची नवी फेरी सुरू होते. म्हणून १५ ग्रॅमच्या पुड्या आधीच मोजून उशाशी, पिशवीत, गाडीत ठेवायच्या. ५४ च्या खाली जाणं गंभीर. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, उपलब्ध असेल तर ग्लुकागॉन (शुगर चढवणारं तातडीचं औषध) द्यायचं आणि आपत्कालीन मदत बोलवायची. हे घरातल्या दोघांना तरी करून दाखवलेलं असावं. आणि डॉक्टरांना नेमकं सांगायचं: 'रात्री दोन ते चारमध्ये उतरते, त्या भीतीने मी चढी ठेवून झोपतो.' एवढ्या एका वाक्याने डोस, त्याची वेळ किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलता येतो.

धडधड, घाम, हात थरथरणं ही शुगर उतरल्याचीही लक्षणं आणि घबराटीचीही. फरक फक्त मोजून कळतो. मोजणं शक्य नसेल तर शुगर उतरली असं धरूनच चालायचं. बरेच महिने २५० ते ३०० मध्ये राहिलेल्या माणसाला १२० वर आल्यावरही अंगात हीच थरथर जाणवू शकते, कारण शरीराला वरच्या पातळीची सवय झालेली असते. आकडा १२० असेल तर साखर खायची नाही, थोडं थांबायचं. काही आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांची शुगर धोकादायक उतरणं दुर्मिळ आहे. इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांत ही शक्यता खरी असते. आपली गोळी कुठल्या गटातली हे नुसतं विचारून घेतलं तरी कित्येकांची विनाकारण धास्ती जाते.

'आता इन्सुलिनच'

टाइप २ मध्ये इन्सुलिन सुरू करायची वेळ आली की लोक खचतात. 'इतकी वर्षं पथ्य पाळूनही हरलो.' ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९० च्या दशकात आले. त्यातून दिसलं की निदान होईपर्यंतच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमता निम्म्यावर आलेली असते, आणि उपचार चालू असतानाही ती पुढे घटत राहते. म्हणजे काही वर्षांनी गोळ्या अपुऱ्या पडणं हा आजाराचा स्वभाव आहे. 'आपण हरलो' ही समजूत मनात बसवण्यात डॉक्टरांचाही वाटा असतो. 'नीट राहा, नाहीतर इन्सुलिन सुरू करावं लागेल' असं पाच वर्षं ऐकलेल्या माणसाला सहाव्या वर्षी तीच सुई शिक्षा वाटणार. पहिली सुई क्लिनिकमध्येच, कोरडी, औषधाशिवाय टोचून बघितली की दुखण्याबद्दलची निम्मी भीती तिथेच संपते. आजच्या पेनची सुई चार ते सहा मिलीमीटर लांब आणि अतिशय बारीक असते.

घरचे

'हे तुला चालतं का?' प्रेमापोटी विचारलेला हा प्रश्न दिवसातून पाच वेळा ऐकला की पहारा वाटतो. मग माणूस लपून खातो, आणि लपून खाल्लेल्याचा डोस घेता येत नाही. घरच्यांना 'टोकू नका' एवढंच सांगून भागत नाही. त्यांच्या मनातही धास्ती असते आणि तिला काहीतरी काम लागतं. म्हणून बदल्यात नेमकं काम द्या: 'स्ट्रिप संपत आल्या की आणून ठेव', 'जेवणानंतर माझ्यासोबत वीस मिनिटं चाल', 'आकडा मी स्वतः सांगेन, तू विचारू नकोस'. शुगर उतरलेली असताना माणूस चिडतो, 'मला काही झालेलं नाही' म्हणतो. मेंदूला साखर कमी पडत असते, त्या रागात काही ठेवलेलं नसतं. त्या वेळी काय बोलायचं आणि काय हातात द्यायचं, हे शांत असताना दोघांनी ठरवून ठेवायचं.

लहान मुलांच्या आईबाबांचा मनस्ताप तर कित्येकदा मुलापेक्षा जास्त असतो. रात्रीचा अलार्म एकाच व्यक्तीकडे असू नये. रात्री वाटून घ्याव्यात, म्हणजे निदान एक दिवसाआड तरी सलग झोप मिळेल. किशोरवयात जबाबदारी एका झटक्यात सोपवली की हमखास फसतं. आधी मोजणं, मग डोसचा हिशेब सोबत बसून, मग इंजेक्शन त्याच्या हाती आणि नजर आपली, आणि शेवटी आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून नोंदी बघणं. आकडे बघताना पहिलं वाक्य प्रश्नाचं असू नये.

ओझं हलकं करताना

सगळं एकदम सुधारायचा निश्चय टिकत नाही. दोन आठवड्यांसाठी एकच गोष्ट निवडा, आणि ती इतकी लहान की वाईट दिवशीही जमेल. 'रोज व्यायाम' नको, 'सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं' असं हवं. मोजायचा कंटाळा आला असेल तर रोज चार वेळा मोजण्याऐवजी जोडीने मोजता येतं का, हे डॉक्टरांना विचारा. तीन दिवस फक्त एका जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी. सहा वाचनं, पण त्यातून एक प्रश्न सुटतो. विखुरलेल्या तीस आकड्यांपेक्षा ती जास्त उपयोगाची.

ठरवून घेतलेली विश्रांतीही चालते. काही दिवस, फार तर आठवडाभर, सुरुवात आणि शेवट आधी ठरवून. व्यायामाची नोंद, प्रत्येक घासाचा हिशेब, जादा तपासण्या बाजूला ठेवता येतात. इन्सुलिन, गोळ्या आणि शुगर उतरल्यावरचे उपचार कधीही थांबवायचे नाहीत. कमीत कमी किती वेळा मोजायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. टाइप १ मध्ये इन्सुलिन एखादा दिवस बंद झालं तरी किटोॲसिडोसिस (किटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो.

यावरून एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. काही जण, विशेषतः किशोर आणि तरुण, वजन कमी ठेवण्यासाठी मुद्दाम इन्सुलिन कमी घेतात. वजन घटतंय, तीन महिन्यांची सरासरी चढतेय, किटोॲसिडोसिससाठी पुन्हा पुन्हा दाखल व्हावं लागतंय, आरशाबद्दल आणि वजनकाट्याबद्दल सतत बोलणं आहे, अशी चिन्हं दिसली तर ओरडून उपयोग नाही. मधुमेहाचे डॉक्टर आणि खाण्याच्या विकारांची माहिती असलेले मानसोपचारतज्ज्ञ, दोघांनी मिळून ते हाताळावं लागतं.

जगण्यात अर्थ नाही, सगळं संपवावं असे विचार येत असतील तर ते आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. तोपर्यंत एकटे राहू नका. घरातलं इन्सुलिन आणि गोळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या आणि प्रत्येक डोस त्यांच्या हातून घ्या. समोरच्याने 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारलं तर विचार पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तातडीची वेळ असेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठायचा.

पुढच्या तपासणीला जाताना फाइलच्या वर एक कागद लावून न्या. त्यावर तीन ओळी: गेल्या महिन्यात मधुमेहातली सर्वांत जड गेलेली गोष्ट, तिच्यामुळे मी काय करणं सोडलं किंवा लपवलं, आणि आज मला कशाबद्दल बोलायचंय. आत गेल्यावर रिपोर्ट देण्याआधी हा कागद द्या. रिपोर्ट आधी उघडला की दहा मिनिटं त्यातच जातात. डॉक्टरांकडे या विषयाला वेळच नसेल तर मधुमेह शिक्षक, आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक कोण आहेत हे विचारून त्यांची वेळ घ्या. आणि तीन महिन्यांनी तीच सतरा प्रश्नांची यादी पुन्हा भरून कुठल्या गटाचा आकडा उतरला, कुठला तसाच आहे, ते जुन्या कागदाशेजारी ठेवून बघा.